बर्फाकडे निघालात? आधी कॅम्परमधलं पाणी काढा

साताऱ्यात राहून कुणी ‘पाइपांना थंडीपासून जपा’ म्हणालं तर आपण हसू. आपली थंडी म्हणजे पारा दहा अंशांच्या आसपास आणि पोवई नाक्यावर कानटोपी घालून घेतलेला चहा. महाबळेश्वरच्या वेण्णा लेकला गवतावर हिमकण दिसले की दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो, यावरूनच ते आपल्याकडे किती दुर्मीळ ते कळावं. म्हणूनच टेम्पो ट्रॅव्हलरची कॅम्पर, म्हणजे आत राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी, करून घेतल्यावर पहिल्याच डिसेंबरात हिमाचलातल्या किन्नौरला निघालो तेव्हा मी टायर पाहिले, बॅटरी पाहिली, ब्रेक पाहिले आणि पाण्याची टाकी मात्र गळ्यापर्यंत भरून नेली.

कल्पा जवळपास २,९६० मीटरवर आहे. तिथे दोन रात्री काढल्या. सकाळी नळाला पाणी नाही, पंप नुसता घुरघुरतोय. म्हटलं गोठलं असेल, खाली उतरलो की सुटेल. सुटलंच. सतलजच्या काठाने रामपूरला उतरलो, तिथली उंची हजार मीटरच्या आसपास, दुपारचं छान ऊन, आणि पलंगाखालून पाण्याची धार लागली. पंपाचं डोकं तडकलेलं, फिल्टरची वाटी उभी चिरलेली, गिझरजवळचा एल्बो, म्हणजे पाइपचा काटकोनी जोड, फुटलेला. वर असताना एक थेंब गळला नव्हता, कारण बर्फानेच ती चीर बुजवून धरली होती. गोठण्याचं नुकसान असं उशिरा कळतं, तोवर गादी भिजलेली असते.

घरी आल्यावर आमच्या ओळखीच्या सुभेदार काकांना हे सांगितलं. काका अपशिंगे मिलिटरी या फौजी गावचे, कारगिलकडच्या द्रासला हिवाळे काढलेले. ते नुसते हसले. “आरं, तिथं पाणी न्यायचं नसतं. तिथं बर्फ वितळून पाणी करायचं असतं. नळ-बिळ सगळं खालीच रितं करून जायचं.”

तेव्हापासून मी गाडी रिती करून वर नेतो. नवीन कॅम्परवाल्यांसाठी ती रीत इथे लिहितो आहे. गाडी पावसाळाभर दारात उभी राहणार असेल तरी यातला अर्धा भाग उपयोगी पडेल.

नेमकं फुटतं काय

पाण्याचा बर्फ होताना त्याचं आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढतं. भरलेल्या टाकीला याचं फारसं काही होत नाही, वर थोडी जागा असते आणि साठ-ऐंशी लिटर पाणी एका रात्रीत तळापर्यंत गोठत नाही. फुटतात त्या बारक्या, बंद जागा: पंपाचं डोकं, फिल्टरची वाटी, नळाच्या आतली कार्ट्रिज, गिझरचा व्हॉल्व्ह, हँड शॉवरचा पाइप. पुष्कळदा पाइप बर्फ झालेल्या जागी फुटतही नाही. बर्फाचा गोळा आणि बंद नळ यांच्यामध्ये थोडं पाणी अडकतं, गोळा वाढतो, अडकलेल्या पाण्यावर दाब चढतो आणि जोड सगळ्यात कच्चा असेल तिथे जातो.

म्हणजे नुकसान करतं ते मागे राहिलेलं अर्धा कप पाणी. नवखा माणूस टाकीचा कॉक उघडतो, ऐंशी लिटर वाहून जाताना बघतो आणि काम झालं समजतो. खरं काम त्यानंतर सुरू होतं.

कधी करायचं, कधी नाही

महाबळेश्वर-पाचगणीला जाण्यासाठी यातलं काहीही करू नका. वेण्णा लेकला हिमकण पडतात ते निरभ्र रात्री जमिनीतली उष्णता आकाशाकडे निघून जाते आणि गवताचं पातं भोवतालच्या हवेहूनही थंड होतं म्हणून. गाडीच्या आत पत्रा, इन्सुलेशन, माणसांची ऊब आहे, तिथपर्यंत हे पोचत नाही. फार तर बाहेरच्या बाजूला लावलेला शॉवरचा पाइप झटकून ठेवा.

मुक्कामाच्या ठिकाणी रात्रीचं तापमान शून्याखाली चार-पाच अंश जाणार असेल तर मात्र कंटाळा करू नका. पाइप गाडीच्या पोटाखालून बाहेरून गेले असतील तर शून्याचा अंदाज दिसला तरी पुरे, कारण चालत्या गाडीखालचा वारा ते आणखी लवकर गार करतो.

जागा कोणती? साताऱ्यातून रितं निघायची गरज नाही. राजस्थान, हरियाणा ओलांडेपर्यंत पाणी नेहमीसारखं वापरा. अंबाला किंवा चंदीगडच्या आसपास एक अख्खी दुपार हातात ठेवा आणि तिथे रिकामं करा. सिमल्याला पोचून अंधारात टॉर्च तोंडात धरून हे करायचं नसतं. मी एकदा केलंय.

घरूनच करून न्यायचं: नकाशा आणि जोड

निघण्याआधीच्या रविवारी वहीच्या एका पानावर पाण्याचा रस्ता काढा. टाकी, पंपाआधीची गाळणी, पंप, फिल्टर, मग दोन फाटे: एक थंड पाण्याचा, एक गिझरमधून जाणारा. पुढे बेसिन, शॉवर, टॉयलेटचा फ्लश. मग खालच्या अंगाला ट्रॅप (पाणी धरून वास अडवणारी वाकडी नळी) आणि सांडपाण्याची टाकी. प्रत्येक कॉक, प्रत्येक नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा) आणि पाइप सगळ्यात खाली येतो ती जागा खूण करून ठेवा. गाडी दुसऱ्याने बांधून दिली असेल तर त्याच्यासमोर बसून हा कागद भरून घ्या. ‘पाइप आतून गेलाय’ एवढ्यावर समाधान मानू नका. कुठून गेलाय ते बोट ठेवून दाखवायला सांगा.

दोन गोष्टी नसतील तर बसवून घ्या. थंड आणि गरम दोन्ही लाइनच्या सगळ्यात खालच्या जागी टी टाकून एकेक बॉल व्हॉल्व्ह. आणि गिझरला बायपास, म्हणजे गिझरच्या आत-बाहेर एकेक कॉक आणि मध्ये जोडणारा तुकडा. कुठलाही बरा प्लंबर हे अर्ध्या दिवसात करून देतो, सामान साध्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतं.

गिझर

रिकामं करण्याची सुरुवात इथून. आधी स्विच बंद, आणि त्या स्विचवर चिकटपट्टी. रिकाम्या गिझरचं बटण चुकून दाबलं गेलं तर एलिमेंट जळतो, आणि ते बटण दाबणारा पाहुणा प्रत्येक गाडीत असतो. मग थांबा. गरम असताना, दाब असताना गिझरचा कॉक किंवा प्लग उघडायचा नाही, हात भाजतो. रात्री बंद करून सकाळी हात घालणं उत्तम.

आपल्याकडे गाडीत बहुधा सहा ते पंधरा लिटरचा घरगुती गिझरच बसवलेला असतो. त्याची आतली रचना समजून घेतली तर पुढचं सोपं आहे. थंड पाणी तळाशी शिरतं आणि गरम पाण्याची नळी आतून थेट वरपर्यंत गेलेली असते. त्यामुळे गरम नळ उघडून गिझर कधीच रिकामा होत नाही, कितीही वेळ उघडा ठेवा. पाणी थंड पाण्याच्या तोंडातूनच काढावं लागतं. तिथल्या सेफ्टी व्हॉल्व्हची दांडी उचला किंवा सरळ तो जोड सोडवा, खाली बादली धरा आणि गाडीतला गरम नळ उघडा, म्हणजे वरून हवा शिरेल. तेलाच्या डब्याला आपण दोन भोकं पाडतो ते याचसाठी. एकच भोक पाडलं तर तेल गुळगुळ करत अडकतं. या सगळ्या कामात कुठेही पाणी अडलं की स्वतःला विचारायचं: दुसरं भोक कुठे आहे?

गॅसचा इन्स्टंट गिझर असेल तर त्याच्या आतल्या तांब्याच्या नळीत पाणी राहतं आणि ती फार लवकर तडकते. त्याचा खालचा ड्रेन प्लग काढून ठेवा. जाता जाता, गॅस गिझर बंद गाडीच्या आत बसवलेला असेल तर आधी तो काढा. त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो, थंडीचा प्रश्न नंतरचा.

टाकी, पंप आणि उतार

गाडी हलक्या उतारावर लावा, टाकीचा ड्रेन कॉक खालच्या अंगाला येईल अशी. एका बाजूच्या चाकाखाली फळी सरकवली तरी चालतं. टाकीचं झाकण उघडा, कॉक उघडा. हे चांगलं पाणी आहे, एखाद्या झाडाला द्या. सांडपाण्याची टाकी मात्र शेताच्या बांधावर किंवा ओढ्यात सोडायची नाही, ती पेट्रोल पंपावरच्या टॉयलेटमध्ये किंवा गटारातच.

टाकी रिकामी झाली की खालचे दोन्ही बॉल व्हॉल्व्ह आणि सगळे नळ उघडा, थंड आणि गरम दोन्ही. सिंगल लिव्हरचा नळ असेल तर दांडी आधी एका टोकाला, मग दुसऱ्या. हँड शॉवर हुकावरून काढून जमिनीवर लोंबकळत सोडा, फ्लशचं पेडल दाबून धरा. आता पंप वीस-तीस सेकंद चालवा. बारा व्होल्टचे डायफ्रॅम पंप इतका वेळ कोरडे चालले तर बिघडत नाहीत. पण पंप बंद केल्यावरही त्याच्या डोक्यात थोडं पाणी राहतंच. दोन्ही बाजूचे क्लॅम्प ढिले करून पाइप काढा, खाली फडकं धरा आणि अर्धा सेकंद पंप टिचकवा. जे भस्सकन बाहेर येतं, तेच माझ्या पहिल्या पंपाला भोवलं होतं.

गाळणीची वाटी काढून पुसा. फिल्टरची कँडल काढून पिशवीत घालून केबिनमध्ये, आपल्या अंगाजवळ ठेवा. ओली कँडल गोठली की आतून भेगाळते, आणि वरून दिसायला जशीच्या तशी राहते.

हवा मारणे

लोक इथे घाई करतात. पंक्चरवाल्याकडे जातात आणि त्याची होज सरळ पाइपला लावतात. ट्रकच्या टायरसाठी त्याचा कॉम्प्रेसर शंभर पीएसआयच्या वर भरलेला असतो. आपल्या पाइपांना आणि जोडांना तीस पीएसआय पुरे, म्हणजे दोन बारच्या आसपास. चाळीसच्या वर जाऊच नका. दाब कमी करायचा रेग्युलेटर त्याच्याकडे नसेल तर त्याला चहा पाजा आणि निघा.

जोडणी मी घरीच केली आहे. पाइपच्या मापाची एंड कॅप, तिला मधोमध भोक, त्यात ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह. ती पंपाच्या पुढच्या पाइपला लावायची आणि गाडीत हवा भरायचा छोटा बारा व्होल्टचा पंप तिला जोडायचा. गिझर आता बायपासवर, खालचे बॉल व्हॉल्व्ह बंद. सगळे नळ बंद करून दाब तीसपर्यंत येऊ द्या आणि सगळ्यात लांबचा एकच नळ उघडा. आधी पाणी, मग फवारा, मग नुसती हवा. बंद करा, पुन्हा दाब भरू द्या, पुढचा नळ. गरम बाजू वेगळी, थंड बाजू वेगळी. एक फेरी झाली की दहा मिनिटं थांबून दुसरी मारा, कारण पाइपच्या भिंतीला चिकटलेलं पाणी तोवर खाली गोळा होतं. दुसऱ्या फेरीत एवढं पाणी येतं की आपल्यालाच लाज वाटते.

किन्नौर, मनाली, औली अशा ठिकाणी दोन-चार रात्री असतील तर इथे थांबलं तरी चालतं. नळ सगळे अर्धे उघडे ठेवायचे, एवढं लक्षात ठेवा. स्पितीला किंवा लडाखला जाणार असाल, जिथे रात्री वजा वीसच्याही खाली जातात, तर पुढचं करा.

ग्लायकॉल, आणि कूलंट का नाही

परदेशात यासाठी गुलाबी रंगाचं तयार द्रावण दुकानात मिळतं. ते मुळात प्रॉपिलीन ग्लायकॉल. आपण ते केमिकलच्या व्यापाऱ्याकडून घ्यायचं, पण औषधी किंवा खाद्य दर्जाचंच, सीलबंद कॅनमध्ये आणि तपासणीच्या प्रमाणपत्रासह. सुटं, बाटलीत ओतून दिलेलं घेऊ नका. मी भीती घालत नाही. १९८६ साली मुंबईत भेसळीच्या ग्लिसरीनमुळे चौदा रुग्ण दगावले, लेंटिन आयोग त्यावरच बसला होता. त्यात मिसळलेलं विषारी डायएथिलीन ग्लायकॉल दिसायला तसंच, चवीला तसंच गोड. जे पाइप उद्या तुमच्या पिण्याच्या पाण्याचे होणार आहेत त्यात स्वस्तातलं काही घालायचं नाही.

आणि इंजिनाचं कूलंट तर अजिबात नाही. ते बहुधा एथिलीन ग्लायकॉल असतं. ते मूत्रपिंड निकामी करतं, आणि गोड असल्यामुळे कुत्री-मांजरं ते चाटतात.

प्रमाण सोपं आहे. ग्लायकॉल आणि आरओचं पाणी समान भाग घेतले तर द्रावण वजा ३३ अंशांच्या आसपासपर्यंत गोठत नाही. तीस टक्के घेतलं तर वजा तेरापर्यंतच. पाइपांत पाणी शिल्लक असेल तर तुमचं समान प्रमाण आत जाऊन पातळ होतं, म्हणून आधी हवा मारली. स्पितीसाठी मी तीन भाग ग्लायकॉल आणि दोन भाग पाणी घेतो. छोट्या कॅम्परला सहा ते आठ लिटर द्रावण पुरतं, कारण टाकी आणि गिझर भरायचे नाहीत, फक्त पाइप.

ग्लायकॉल बिनरंगी असतं, त्यामुळे नळातून पाणी येतंय की द्रावण ते कळत नाही. म्हणून त्यात चिमूटभर लाल खायचा रंग घालतो. जिलेबीवाला वापरतो तोच. पंपाच्या आत येणारा पाइप द्रावणाच्या कॅनमध्ये बुडवा, पंप चालू करा, आणि पंपाजवळच्या नळापासून एकेक नळ उघडत लांब जा. लाल आलं की बंद. गरम बाजू विसरू नका, फ्लश विसरू नका, हँड शॉवर विसरू नका. शेवटी पंप बंद करून एक नळ उघडा आणि दाब मोकळा करा.

बेसिन आणि शॉवरच्या ट्रॅपमध्ये कपभर द्रावण, सांडपाण्याच्या टाकीत दोन लिटर, टॉयलेटच्या भांड्यात पाव लिटर. हा भाग एवढाच.

वर असताना

वीस लिटरचा जार केबिनमध्ये, स्टोव्हजवळ, आणि पाऊण भरलेलाच. भांड्यात पाणी, बादलीत मग, आजोळी राहिल्यासारखं. सवय नसेल तर पहिल्या दिवशी चिडचिड होते. लडाखमध्ये तर जुन्या घरांत कोरडे संडास असतात, पाण्याशिवायचे. हिवाळ्यात नळावर विसंबायचं नसतं हे त्यांना पूर्वीपासून ठाऊक आहे. आणि हो, डिझेलही गारठतं. लडाखमध्ये २०१९ पासून वेगळं हिवाळी डिझेल मिळतं, वर पोचल्यावर तेच भरा.

परत आल्यावर

मैदानात उतरल्यावर लगेच टाकी भरू नका. आधी गाडी एक दिवस उन्हात राहू द्या, सगळं सुटू द्या. फिल्टर बाहेरच ठेवून, गिझर बायपासवरच ठेवून साध्या पाण्याने पाइप धुवा, लाल जाऊन स्वच्छ येईपर्यंत. हे पाणी ओढ्यात सोडायचं नाही. आपलं प्रॉपिलीन ग्लायकॉल विषारी नसलं तरी कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खातं.

मग क्लोरीन. पाच टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट, लिटरला एक मिलिलिटर. ऐंशी लिटरच्या टाकीला ऐंशी मिलिलिटर. आधी बादलीत पातळ करून टाकीत ओता, पंपाने सगळ्या नळांपर्यंत आणा, वास आला की बंद. चार तास तसंच राहू द्या, मग दोन-तीनदा टाकी भरून सोडा. याच दिवशी क्षार काढायला व्हिनेगर किंवा संडास साफ करायचं ॲसिड हाताशी ठेवू नका. ॲसिड आणि हायपोक्लोराइट एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो आणि गाडी बंद खोलीच असते. क्षारांचं काम दुसऱ्या आठवड्यात करा. माण-खटावकडच्या बोअरचं पाणी भरत असाल तर ते करावं लागणारच आहे.

पावसाळ्यात गाडी दारात चार महिने उभी ठेवणाऱ्यांनी ग्लायकॉलच्या भानगडीत पडू नये. टाकी, गिझर, पंप रिकामे, हवेची एक फेरी, नळ उघडे, ट्रॅपमध्ये पाणी मात्र ठेवायचं, नाहीतर सांडपाण्याच्या टाकीचा वास गाडीभर होतो. दिवाळीत बाहेर काढताना क्लोरीनचं वरचं सगळं.

शेवटची तपासणी मी घरी, गोडोलीला करतो. गिझरचा बायपास काढायचा, गिझर पाण्याने पूर्ण भरायचा, गरम नळाला सलग धार आली की मगच स्विचवरची चिकटपट्टी काढायची. मग पंप चालू करून सगळे नळ बंद. दाब धरल्यावर पंप गप्प बसला पाहिजे. रात्रीतून तो मध्येच टकटक करू लागला तर कुठेतरी गळतंय. प्रत्येक जोडाखाली वर्तमानपत्राचा तुकडा सरकवून ठेवायचा आणि सकाळी एकेक काढून पाहायचा. सगळे तुकडे कोरडे निघाले की मगच गादी आत.